शिट्टी ऐकू आली का?

(शिरवळ इथल्या तरुणांच्या बैठकीत वाचलेलं टिपण. बोलण्याच्या ओघात जे वाढलं, ते तसंच ठेवलं आहे.)



मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटातून लोखंडाच्या कॉइल निघतात, पत्रे निघतात, साखळदंड खणखणतात, डोक्यावर क्रेन किंचाळते. पाळी सुटली की कविता लिहितो. शिक्षण दहावी, जुन्या भाषेत मॅट्रिक. शिरवळ माझं आजोळ. तेव्हा संगीतावर बोलायचा तुला अधिकार काय, असं कोणी विचारलं तर सांगतो, दोन कान आहेत. त्यांच्यावर आजवर काय काय आदळलं, तेवढ्यावरच बोलतो.

1975 सालच्या जुलैत अमेरिकेत लू रीड या रॉक गायकाने 'मेटल मशीन म्युझिक' नावाचा अल्बम काढला. कंपनी आरसीए, बडी. त्याचा आदल्या वर्षीचा अल्बम तिकडच्या पहिल्या दहांत गेलेला. लोकांनी गाणी असतील म्हणून विकत घेतला. घरी नेऊन लावला तर दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर वेळ छापलेली 16 मिनिटं 1 सेकंद, आणि गाणं एक नाही. ताल नाही, शब्द नाही. गिटार अँप्लिफायरसमोर टेकवून ठेवायची, स्पीकरच्या आवाजाने तारा थरथरतात, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा तारा थरथरतात. आपल्या सभेत माइक बॉक्ससमोर गेला की जी शिट्टी सुटते आणि बायापोरं कानावर हात ठेवतात, तीच शिट्टी. एक तास चार मिनिटं. चौथ्या बाजूची शेवटची खाच तर गोल बंद केलेली. सुई तिथेच फिरत राहते, कोणीतरी उठून ती उचलेपर्यंत.

ऐकणाऱ्यांनी काय केलं? लोक तबकड्या घेऊन दुकानात गेले, पैसे परत मागितले. कोणी म्हणालं ही फसवणूक आहे, कोणी म्हणालं कंपनीच्या करारातून सुटायला केलेला खोडसाळपणा आहे. काही आठवड्यांत कंपनीने माल बाजारातून काढून घेतला. लेस्टर बँग्ज नावाच्या समीक्षकाने मात्र तो डोक्यावर घेतला. पुढे आवाजाचे आणि मेटलचे प्रयोग करणाऱ्या पोरांनी त्यालाच आपला पूर्वज मानलं. आणि 2002 साली बर्लिनमध्ये एका वाद्यवृंदाने ह्या गोंगाटाचं रीतसर स्वरलेखन करून व्हायोलिन-बासरीवाल्यांच्या थाटात तो वाजवला. लू रीड स्वतः सामील झाला. सत्तावीस वर्षांत गोंगाटाचं संगीत झालं. आवाज तोच होता, वाजवणारे प्रतिष्ठित झाले.

हे वाचून मी खूष. म्हटलं, हे आपलंच आहे. आपल्या लिहिण्यालाही गोंगाट म्हणाले होते. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले शब्द अडले. त्यांनी ते कबूल तरी केलं. बाकीच्यांनी नाक दाबलं. म्हणजे प्रस्थापिताच्या कानाला जे खुपतं तो विद्रोह, असं माझं सरळ गणित. जेवढा आवाज मोठा तेवढा विद्रोह मोठा.

हे गणित घेऊन मी सुट्टीत शिरवळला आलो. रविवारी संध्याकाळी वस्तीत मोबाइल एका बॉक्सला जोडला, पाच माणसं बसवली आणि पहिली बाजू लावली.

पहिले आमचे मास्तर. तीन मिनिटांत उठले. म्हणाले, "बिघडलेला रेडिओ लावलास का रे?" अमेरिकेतला दुकानात परत गेलेला गिऱ्हाईक आणि आमचे मास्तर, दोघांचं मत एक. मी मनात हसलो. मध्यमवर्गीय झाले, म्हटलं.

दुसरा कॉलेजचा पोरगा. कानात कायम हेडफोन, अंगात काळा टी-शर्ट, मेटलचा भक्त. त्याने डोळे मिटून घेतले. "फाडू आहे. डोक्यातलं सगळं बंद होतं." त्याला अजून दे म्हटलं असतं तर चारही बाजू ऐकल्या असत्या.

तिसरी माझी आत्या. बाटल्या भरायच्या लाइनवर बारा वर्षं उभी. ती म्हणाली, "बंद कर रे बाबा. कालचंच अजून कानातनं निघालं न्हाई." मग विचारते, "आन् ह्ये ऐकायला लोक पैसं देत्यात व्हय? आम्हाला तर ऐकायचं पैसं मिळत्यात."

इथे माझं गणित पहिल्यांदा चुकलं. विद्रोह म्हणून मी जे तिच्यासमोर ठेवलं, ते तिच्या हजेरीकार्डावर आधीच लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने आवाज परत केला, पैसे घेतले. आत्याने आवाज परत करायचा तर कुठल्या खिडकीवर?

चौथे एक म्हातारबाबा. तरुणपणी हलगी वाजवायचे. 1956 नंतर गावोगावी आपल्या माणसांनी गावकीची कामं टाकली, कित्येकांनी त्याबरोबर हलगीही टाकली. बाबांनी गावासाठी वाजवायची सोडली आणि जयंतीला स्वतःसाठी धरली. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "ह्यात हात कुठाय?" मी म्हटलं, हात नाही बाबा, गिटार आपोआप वाजतेय. ते म्हणाले, "मग थांबवतंय कोण?" हलगी विस्तवावर शेकावी लागते, चामडं ताणलं की मग बोलते, आणि हात उचलला की गप्प होते. बाबांच्या लेखी वाजवणाऱ्याची खूण हीच, की त्याला थांबवता येतं.

पाचवा माझा मामेभाऊ, दादा म्हणतो मी त्याला. इथल्याच एका कारखान्यात पॉवर प्रेसवर नऊ वर्षं. वय एकतीस. तो बसून राहिला. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी म्हणाला, "लई वंगाळ न्हाय. आमच्या दुसऱ्या पाळीसारखंच. पण ह्याला ठोका न्हाय. प्रेसला ठोका असतोय. ठोका चुकला की बोट जातंय." आम्ही टाळ्या वाजवल्या. खरा मेटलवाला हा, म्हटलं. मग कॉलेजचा पोरगा म्हणाला, "दादा, वरची ती शिट्टी कसली भारी आहे ना?" दादा म्हणाला, "कुठली शिट्टी?"

दोस्तहो, बॉक्समधून शिट्टी सुटलेली. मास्तर तिच्यामुळे उठून गेले, आत्याने तिच्यामुळे पदर कानाला लावला. दादाला ती ऐकूच येत नव्हती. खालची घरघर येत होती, वरची किंकाळी नाही. आम्ही बंद केलं, पुन्हा लावलं. "कुठली शिट्टी?" मग हळूच म्हणाला, घरी पोरगी बोलते ते अर्धं कळत नाही, सारखं 'काय गं' विचारावं लागतं, ती चिडते. त्याला वाटायचं पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते.

नंतर मी डॉक्टरला विचारलं. रोजच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचे उंच सूर जातात, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बोलण्यातला स, श, फ पहिल्यांदा निसटतो. दुखत नाही, रक्त येत नाही. बोट गेलं तर पंचनामा होतो. शिट्टी गेली तर घरातलं माणूस चिडतं, बस्स.

मेटल हे संगीतच मुळात अशा प्रेसच्या बाजूला जन्मलं. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. कामाचा शेवटचा दिवस होता आणि नेहमीची बाई आली नाही म्हणून त्याला प्रेसवर बसवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, गिटारच्या तारा ढिल्या केल्या, पुढे सूरही खाली आणला. 1970 साली त्याच्या ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला. तो जड, काळा आवाज जगाने डोक्यावर घेतला. ही गोष्ट मेटलवाले अभिमानाने सांगतात. मीही सांगायचो. पण जिथे बोटं गेली आणि गिटार आली नाही, त्या हातांची गोष्ट कोण सांगतं?

आता कायदा बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा राहत्या वस्तीला 55 डेसिबल आणि औद्योगिक भागाला 75 डेसिबल ठरवून दिले. कारखान्याच्या आत मात्र आठ तासांना 90 ची मर्यादा धरली गेली. दर 10 डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. माणूस तोच, कान तेच, गेटच्या आत शिरला की कानाची किंमत बदलते. 1948 च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आवाजाने येणारं बहिरेपण रोग म्हणून लिहिलं गेलं. लिहिलं गेलं, पण दादाच्या कानाला नऊ वर्षांत एकदाही यंत्र लागलं नाही.

म्हणून, दोस्तहो, मी माझं गणित मागे घेतो. आवाज मोठा म्हणजे विद्रोह, हे खोटं आहे. कोण लावतं, कोण ऐकतं आणि बंद करायचं बटण कोणाच्या हातात आहे, हे बघावं लागतं. हे आपल्यालाही लागू. आपल्या मिरवणुकीचा आवाज तेवढा काहींच्या कानाला टोचतो आणि दुसऱ्यांचा गोड लागतो, हे मला माहीत आहे. त्यावर भांडूच. पण जयंतीला डीजेच्या भिंती लावून त्या भिंतीपुढे आपलीच चिल्लीपिल्ली नाचवायची, जिथे बाबांची हलगी ऐकू येत नाही, भीमगीताचा शब्द ऐकू येत नाही, तेव्हा बटण आपल्या हातात असतं. पोरांचे कान आपणच मारायचे? कारखाना आहेच की त्यासाठी.

तो अल्बम वाईट आहे, असं मी म्हणत नाही. मला अजूनही आवडतो. त्याच्याशिवाय दादाचे कान कळले नसते. पण कोणाला काही ऐकवलं आणि तो गप्प राहिला, तर त्याला रसिक किंवा अडाणी ठरवण्याआधी विचारा, तुला ऐकू काय आलं?

दोन कामं सांगतो आणि बसतो. प्रेसवर, लाइनवर, ग्राइंडरवर जे जे आहेत त्यांनी नावं द्या, पुढच्या आठवड्यात सगळे मिळून सरकारी दवाखान्यात कान तपासायला जाऊ. कागद हातात आला की कानाची बोंडं मागू, जागा बदलून मागू, भरपाई मागू. एकट्याने मागितलं तर घरी बसवतील, चाळीस जणांनी मागितलं तर ऐकावं लागेल. दादाचं नाव पहिलं लिहिलंय.

आणि यंदाच्या जयंतीला पुढे हलगी. बाबा शिकवायला तयार आहेत. हात ज्याचा, थांबवायचा हक्क त्याचा.

जयभीम.