मुलांच्या निबंधाविषयीं
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पालकांपुढें केलेलें भाषण)



मुलांच्या निबंधलेखनाविषयीं दोन शब्द बोलावे अशी आज्ञा झाल्यावरून आम्ही आपणांपुढें उभे आहों. उत्सवांत हा विषय रुक्ष वाटेल. परंतु आपलीं तेरा-चौदा वर्षांचीं मुलें काय लिहितात, हें आईबापांनीं एकदां वह्या उघडून पाहावें. 'माझा गांव' या विषयावरील दहा निबंध घेतले, तर दहाही गांवीं खळखळ वाहणारी नदी आणि किलबिल करणारे पक्षी सांपडतात. वसईकडील ज्या मुलाच्या दारीं विहीर आहे, मागें केळीची बाग आहे, तोही तीच नदी लिहितो! ती नदी बाजारांतील तयार निबंधांच्या पुस्तकांतून वाहत येते.

यांत आळस थोडा, भीतीच अधिक. घरीं मूल सामवेदी किंवा वाडवळी बोलतें. शाळेंत त्या बोलींतला शब्द तोंडून निघाला कीं हंशा पिकतो. म्हणून लेखणी हातीं घेतांच तें स्वतः पाहिलेलें सोडून देतें व दुसऱ्याचीं वाक्यें उसनीं आणतें. आमचें मत असें कीं, पहिलें कथन मुलानें घरच्या बोलींतच तोंडीं करावें, शिक्षकानें तें न हंसतां ऐकावें, आणि मग दोघांनीं मिळून तें ग्रांथिक मराठींत उतरावें. ज्या शब्दाला पुस्तकी भाषेंत जोड नाहीं, तो तसाच राहूं द्यावा.

आतां परिच्छेद. आपल्याकडील सुकेळींच घ्या. मुलानें प्रथम एकच विधान करावें: सुकेळीं करणाऱ्याची सारी भिस्त उन्हावर असते. मग पुढील प्रत्येक वाक्यानें त्या विधानाचीच चाकरी करावी. पिकलेलीं राजेळी केळीं सोलून कित्येक दिवस उन्हांत वाळवावीं लागतात. दंव पडण्यापूर्वीं तीं आंत घ्यावीं लागतात. मधेंच आभाळ भरून आलें तर मेहनत वायां जाण्याचें भय असतें. येथें मुलानें 'सुकेळीं चवीला गोड लागतात' असें घातलें, तर वाक्य खरें असूनही तें या घरचें नव्हे. त्याला निराळा परिच्छेद द्यावा, नाहीं तर गाळावें. गाळावयास शिकविणें हेंच सर्वांत कठीण. कारण पान भरलें म्हणजे गुण मिळतात, अशी मुलांची समजूत आम्हींच करून दिलेली असते.

कित्येक मुलें पानभर कोठें न थांबतां लिहितात. त्यांवर फार रागावूं नये. जुने मोडी कागद पाहिले तर तेथें शब्दांमध्येंही जागा सोडलेली नसते. विरामचिन्हें मराठींत रुळलीं तीं एकोणिसाव्या शतकांत, मेजर कँडी यांच्या खटपटीनें. मुलाला मोठ्यानें वाचावयास लावावें. जेथें श्वास तुटतो तेथें पूर्णविराम हवा, हें त्याचें त्यालाच कळतें.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली, तिचा कित्ता मुलांपुढें ठेवावा असें कांहीं म्हणतात. त्यांची लांब वाक्यें चौदा वर्षांच्या मुलाला पेलणार नाहींत. मात्र एक मुद्दा पुरा केल्यावांचून दुसऱ्यास हात न घालणें, एवढें त्याला समजण्याजोगें आहे. 'यावर कोणी काय विचारील?' या प्रश्नाचें उत्तर तोच पुढील परिच्छेद.

आपल्या बागा कमी होत आहेत, शहर वाढत आहे. सुकेळीं कशीं करीत, विहिरीवर रहाट असतांना पाणी कसें काढीत, हें ज्यांना ठाऊक आहे तीं माणसें वृद्ध झालीं. त्यांचें सांगणें टिपून घेणारीं मुलें घरांत तयार झालीं नाहींत, तर हें कोण लिहिणार? महानगरपालिकेकडे रस्त्यासाठीं अर्ज करावयाचा तरी आपण दुसऱ्याच्या दारीं जातों.

वही तपासतांना पानभर तांबडी शाई ओतूं नये. एका वेळीं एकच दोष दाखवावा, व निबंध पुन्हा लिहवून घ्यावा. दुसरा खर्डा मुलानें घरीं आजीला वाचून दाखवावा. आजी मधेंच 'मग काय झालें?' असें विचारील, तेथें एक वाक्य राहून गेलें आहे असें समजावें व तें लागलीच घालावें.