कागदाचीं फुलें
(महोत्सवानिमित्त भरलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या भाषणांत मंदिराचा पाया कोणीं घातला, शाळा कोणीं काढली, हें सांगण्याची वहिवाट आहे. तें काम आमच्या अगोदरच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. आम्हीं मुद्दामच लहान विषय घेतला. सभागृहाच्या दाराशीं ज्या टोपल्या मांडल्या आहेत, त्यांतील कागदाच्या फुलांविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे. तें बोलतांना आमची स्वतःची एक चूकहि कबूल करावी लागेल. आणि ज्यांच्या बाबतींत ती घडली ते बहुतेक येथें हजर आहेत, हें बरेंच झालें.

नाशिकासारख्या ठिकाणीं कागदाचें फूल करावें, हें प्रथमदर्शनीं कोणास हास्यास्पद वाटेल. मोगल अमदानींत ह्या शहरास गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. आजहि दसऱ्याच्या आदल्या दिवशीं बाजारांत झेंडूच्या राशींतून वाट काढावी लागते. असें असतां कागद कां कातरावा? परंतु नाशिक हें जसें फुलांचें तसेंच कागदाचेंहि गांव आहे. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ सालीं सुरू झाला, त्यामागून १९२८ सालीं नोटांचा छापखाना आला, आणि टपालाचीं तिकिटें व नोटा ह्यांच्या कागदाशीं ह्या भागांतील कित्येक कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्या संबंध आला. शिवाय आपल्याच जिल्ह्यांतील येवल्यास संक्रांतीचे तीन दिवस आकाश पतंगांनीं भरून जातें. त्यामुळें पतंगी कागद आणि बांबूच्या कामट्या ह्यांस इकडे तोटा नाहीं.

आपल्याकडे हें काम कसें सुरू झालें, तें थोडक्यांत सांगतों. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ सालीं जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिवस म्हणून नेमून दिला. प्रभु येशूचे आजोबा-आजी, संत योआकिम व संत अन्ना, ह्यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून तो महिना. आम्हीं आरंभीं जें सर्वत्र करतात तेंच केलें: शाल, श्रीफळ, फराळ आणि एक छायाचित्र. शाल पांघरून माणूस घरीं गेला, कीं पुढील जुलैपर्यंत त्याला कोणी विचारीत नाहीं, हें लवकरच ध्यानांत आलें. तेव्हां एका सिस्टरांनीं सुचविलें, कीं दर गुरुवारीं ह्या मंडळींस एकत्र बसवून कागदाचीं फुलें करावयास शिकवावें. वेळ बरा जाईल, असें त्या म्हणाल्या, आणि आम्हींहि तेंच म्हटलें. ‘वेळ जाईल’ ह्या दोन शब्दांतच आमची चूक दडलेली होती.

पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, म्हणजे ८ सप्टेंबरला, गुरुवारच्या मंडळींनीं दोन टोपल्या भरून फुलें आणून दिलीं. वेदीसाठीं आणलीं, असें एका आजीबाईंनीं सांगितलें. आम्हीं हंसून आभार मानले. आतां, वेदीजवळ ताजीं फुलें असावींत, हें आमचें मत तेव्हांहि होतें व आजहि आहे. पुष्पसजावट बेताची असावी, आणि ती वेदीवर मांडण्यापेक्षां वेदीच्या आसपास असावी, असें मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत सांगितलें आहे. उपवासकाळांत तर कांहीं दिवस सोडले असतां वेदीला फुलांची सजावट करीतच नाहींत. जें फूल वाहिलें तें कोमेजावें, त्याच्या जागीं दुसरें आणावें लागावें, ह्यांत अर्पणाचा कांहीं अर्थ आहे, असें आम्हांस वाटतें. परंतु हें त्या मंडळींस समोर बसवून सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्हीं बाजारांतून निशिगंध मागविला, आणि त्या दोन टोपल्या पूजासाहित्याच्या खोलींतील कपाटांत ठेवून दिल्या.

पंधराएक दिवसांनीं त्याच आजीबाई कांहीं कामानिमित्त त्या खोलींत आल्या असतां कपाट उघडें राहिलें होतें. त्यांनीं टोपल्या पाहिल्या. रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, “फादर, ह्या कपाटांत झुरळें होतात. मी घरीं घेऊन जाऊं का?” आणि घेऊन गेल्या.

पुढच्या गुरुवारीं सभागृहांत कोणी नव्हतें. पावसामुळें असेल, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. त्याच्या पुढच्या गुरुवारीं पाऊस नव्हता.

अखेर आम्ही आजींच्या घरीं गेलों. चहा झाला, तब्येतीची विचारपूस झाली, आणि मग आम्हीं विषय काढला. त्या म्हणाल्या, “वेदीवर लावलीं नाहींत, त्याचें मला कांहीं नाहीं. पण नको होतीं, तर करायला कां सांगितलींत?” ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सेमिनरींत आम्हीं तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान ह्यांचा अनेक वर्षें अभ्यास केला. परंतु एवढा सरळ प्रश्न आम्हांस तेथें कोणीं विचारला नव्हता.

त्या सुमारास आमच्या वाचनांत एक हकीकत आली. इंग्लंडांत १७०० सालीं जन्मलेल्या मेरी डिलेनी ह्या बाईंनीं, वैधव्य आल्यानंतर, वयाच्या सुमारें ७२ व्या वर्षीं कागदाचीं फुलें करावयास आरंभ केला. समोर खरें रोप ठेवावें, रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कातरावे, आणि ते काळ्या कागदावर चिकटवून तें फूल हुबेहूब उभें करावें, अशी त्यांची रीत होती. दहाएक वर्षांत त्यांनीं साडेनऊशेंहून अधिक चित्रें पूर्ण केलीं, आणि दृष्टि अधू झाली तेव्हांच हात थांबविला. तीं चित्रें लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें जपून ठेवलेलीं आहेत. पोर्तुगालांत कांपु मायोर म्हणून गांव आहे. तेथील लोक महिनोन् महिने कागदाचीं फुलें करून सबंध गल्ल्या त्यांनीं मढवितात. हा उत्सव दरवर्षीं होत नाहीं, लोकांच्या मनास येईल त्या वर्षीं होतो. आणि युनेस्कोनें २०२१ सालीं त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत केली आहे. ह्या दोन्ही ठिकाणीं वेळ घालविण्याचा प्रश्नच नव्हता. त्या बाईंस रोपाशीं इमान राखावयाचें होतें. त्या गांवास आपली गल्ली सजवावयाची होती. मग आमच्या धर्मग्रामाला खरोखर कशाची गरज होती?

ती गरज आम्हांस दफनभूमींत सांपडली. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशीं, बहुतेक कबरी धुतल्या जातात, फुलांनीं झांकल्या जातात. परंतु कांहीं कबरींवर कोणी येत नाहीं. मुलें पुण्या-मुंबईस, कोणाचीं परदेशीं गेलीं. कोणाचा वंशच उरला नाहीं. आम्ही पुन्हां आजींकडे गेलों आणि म्हणालों, “ह्या कबरींसाठीं फुलें हवीं आहेत. उघड्यावर टिकलीं पाहिजेत, आणि तारखेच्या आधीं पुरीं झालीं पाहिजेत. वांकडीं असलीं तर परत करूं.” आजी प्रथमच हंसल्या.

तेव्हांपासून गुरुवारच्या खोलीचा रंगच पालटला. छापखान्यांतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनीं पहिल्याच दिवशीं आम्हां सर्वांस थांबविलें. कागद एका दिशेनें सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेनें अडतो; पाकळी कातरण्यापूर्वीं ती दिशा बोटांनीं ओळखावी, असें त्यांनीं दाखविलें. दुसऱ्या एका आजोबांस जवळजवळ दिसत नाहीं; ते कागदाची जात आणि दिशा नुसत्या स्पर्शानें निवडून गठ्ठे लावून देतात. नवशिक्यानें गुलाबाच्या नादीं लागूं नये, झेंडूपासून आरंभ करावा. दोन बोटें रुंदीच्या पट्टीला एका कडेनें झिरमिळ्या कातरावयाच्या, ती पट्टी कामटीभोंवतीं गुंडाळून दोऱ्यानें आवळावयाची, आणि मग झिरमिळ्या फुलवावयाच्या. ज्यांचा हात कांपतो त्यांचा झेंडू अधिक खरा दिसतो, कारण खऱ्या झेंडूच्या पाकळ्या तरी कोठें सारख्या असतात? कात्री आपोआप उघडणारी, मोठ्या मुठीची असावी. तारेचें टोंक नेहमीं वळवून टाकावें. खळ मैद्याची करावी, परंतु तींत मोरचूद मात्र घालूं नये. तें विष आहे, आणि बोट चाटून कागद उचलण्याची आपल्या सर्वांचीच संवय. लाल क्रेप कागदाचा रंग ओल्या बोटांना लागतो व तेथून सर्वत्र जातो. आमच्या एका पांढऱ्या झग्यावर त्याची खूण अजून आहे.

फुलें दंवानें भिजून लोळागोळा होऊं नयेत म्हणून तीं मेणांत बुडवितों. मेणासाठीं मंदिरांतील जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे येतात. मेणाचें भांडें उकळत्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून वितळवावें, कधींहि थेट जाळावर ठेवूं नये. आणि हें काम तरुण मंडळानें करावें, आजी-आजोबांनीं शेगडीपासून दूर बसावें. कबरीवर मेणबत्ती लावाल ती ह्या फुलांपासून हातभर अंतरावर लावा, कारण कागद आणि मेण दोन्ही पेट घेतात. आठ दिवसांनीं सर्व फुलें परत गोळा करावयाचीं, हाहि आमचा नियम आहे.

परंतु ह्या कामांतून जें निघेल असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें, तें निराळेंच आहे. फुलें करतां करतां मंडळी बोलूं लागली. हें फूल कोणाच्या कबरीला? पडक्या क्रूसाची ती. ती तर आमच्या मास्तरांची, त्यांनीं मला पाढे शिकविले. त्या शेजारची लहान कबर त्यांच्या मुलीची, ती देवीच्या सांथींत गेली. ज्या दगडांवरचीं अक्षरें पावसानें धुऊन नेलीं, त्यांचीं नांवें ह्या मंडळींच्या तोंडून निघूं लागलीं. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत नांव व तारीख मिळते. परंतु कोणती कबर कोणाची हें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें नाहीं. आतां आम्ही गुरुवारीं एक वही घेऊन बसतों. ती अर्धी भरली आहे. सांगणाऱ्यांपैकीं दोघे गेल्या वर्षीं स्वतःच तेथें जाऊन निजले, आणि त्यांच्या कबरीवर त्यांच्याच हातचीं फुलें ठेवलीं.

कपाटांतल्या त्या दोन टोपल्या आजींनीं फेकल्या नव्हत्या. पलंगाखालीं ठेवल्या होत्या. पहिल्या वर्षींच्या मेणांत त्याहि बुडाल्या.

आतां एक विनंति करून आम्ही खालीं बसतों. दफनभूमींत मागच्या भिंतीलगत, चिंचेच्या झाडाखालीं, तीन कबरी आहेत. त्यांचीं नांवें अजून कोणास आठवलेलीं नाहींत. आज येथें बाहेरगांवाहून आलेलीं जुनीं माणसें बरींच आहेत. त्यांपैकीं कोणास ठाऊक असल्यास, जेवणाच्या पंगतीस बसण्यापूर्वीं आम्हांस गांठावें. वही आमच्याजवळच आहे.