माडाचा भुंगा खतात जन्मतो



बंगळूरला एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, की संध्याकाळी व्हरांड्यातल्या दिव्यावर टपाटप भुंगेरे आपटायला लागतात. महाराष्ट्रात हेच जूनच्या तोंडाशी होतं. मग घरातलं कुणीतरी चप्पल घेऊन धावतं. सकाळी माळी येतो, पाठीवर पंप घेऊन, आणि ज्या झाडाला काहीही झालेलं नाही त्यावरही औषध मारून जातो. पैसे घेतो, आपल्यालाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. भुंगा मात्र तिथेच असतो.

फौजेत नवीन ठाण्यावर गेलं की आधी टेहळणी करायची, गोळीबार नंतर, हे अंगात मुरलेलं. म्हणून आज औषधांची नावं कमी सांगणार आहे आणि ओळख जास्त.

आमच्या वसाहतीत निवृत्त मंडळी बरीच. प्रत्येकाच्या अंगणात एखाद-दुसरा नारळ, आणि गेल्या काही वर्षांत त्यातले कितीतरी तोडावे लागले. नारळाची गोष्ट आंब्या-पेरूसारखी नसते. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला वाढीचा कोंब एकच, तो शेंड्याच्या पोटात. तो मेला की झाड संपलं. मग चाळीस-पन्नास फुटांचा तो वाळका खांब तुमच्या छपराशेजारी आणि विजेच्या तारांशेजारी उभा राहतो.

या शेंड्यावर येणारा पहिला पाहुणा म्हणजे गेंड्या भुंगा. काळा, अंगठ्याएवढा, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं शिंग मोठं, मादीचं आखूड आणि तिच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा झुबका. हा रात्री उडतो आणि शेंड्याच्या न उघडलेल्या पानात, ज्याला आपण सुई म्हणतो तिच्यात, भोक पाडून आतला कोवळा रस पितो. लहानपणी आपण कागदाची घडी करून कात्रीने कापायचो आणि उघडली की दोन्ही बाजूंना सारखी नक्षी, आठवतं? तसंच इथे. पान घडीत असताना तो कुरतडतो, आणि पान उघडलं की झावळीवर दोन्हीकडे सारखे त्रिकोणी काप दिसतात. झावळी कुणी पंख्यासारखी कातरून ठेवल्यासारखी वाटते. हे काप दिसले की लोक घाबरून त्याच दिवशी फवारतात. पण काप उघड्यावर आले म्हणजे तो हल्ला जुना. आज भुंगा आत आहे का, ते शेंड्याच्या बुडाशी भोक आणि त्यातून बाहेर आलेला चघळलेला ओला चोथा आहे का, यावरून कळतं. चोथा ताजा असेल तर माणूस चढवायचा, लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढायचा. गोव्यातले पाडेली हे काम सहज करतात. बंगळूरला झाडावर चढणारा मिळणं हीच मोठी मोहीम आहे, म्हणून तो नारळ उतरवायला येईल त्याच दिवशी शेंडाही बघून घ्यायला सांगा.

तो वर असतानाच आणखी एक काम. पावशेर निंबोळी पेंडीची पूड आणि तेवढीच बारीक वाळू एकत्र करून वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत भरायची. वर्षातून तीनदा. लहान रोपांना डांबरगोळ्या चालतात. आतल्या तीन बेचक्यांत मिळून तीन-चार गोळ्या ठेवून वर वाळू टाकायची आणि दीड महिन्याने बदलायच्या. घरात लहान मुलं असतील तर त्या हाताच्या उंचीवर ठेवू नका, विषारी असतात.

पण हे सगळं झालं बचावाचं. भुंगा माडावर जन्मत नाही. मादी अंडी घालते ती कुजणाऱ्या गोष्टीत: शेणखताचा ढीग, पाल्याचा खड्डा, मेलेल्या नारळाचा ओंडका. पन्नासच्या वर, कधी शंभरापर्यंत. दहा-बारा दिवसांत अळी, ती अळी तीन-चार महिने खत खात पडून राहते, मग तीन-चार आठवडे कोष. त्या काळात ती कुठेही जात नाही. म्हणजे चार-पाच महिने शत्रू एका जागी, बिनहत्यारी आणि आपल्या फावड्याच्या टप्प्यात असतो. आणि आपण त्याला कधी गाठतो, तर पंख फुटून पन्नास फुटांवर गेल्यावर.

आमच्याच गल्लीत मेलेला नारळ तोडून त्याचे ओंडके बागेत बसायला म्हणून मांडले होते. दिसायला छान. वर्षाभराने एक ओंडका फोडला तर आत पांढऱ्या अळ्या, करंगळीपेक्षा जाड. भुंग्यापायी झाड गेलं आणि त्याच झाडाच्या पोटात पुढचे भुंगे वाढत होते. तोडलेला माड चिरून लगेच हलवायचा. ठेकेदार कापून निघून जातो, म्हणून हे आधीच ठरवून घ्या.

खताचे खड्डे बंद करा असं मी म्हणत नाही. ओला कचरा घरी जिरवणं चांगलंच. फक्त दर दोन महिन्यांनी खड्डा तळापासून उलथा. साळुंक्या आणि कावळे बाकीचं बघून घेतात. ओलसर खतात मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिसळली तर ती अळ्यांना रोग लावते. ऊसवाल्यांना ती हुमणीमुळे ठाऊक आहे.

आता खड्ड्यात अळी दिसली म्हणजे ती गेंड्याचीच का? नाही. हातमोजा घाला, तीन-चार अळ्या उचलून सपाट फरशीवर ठेवा आणि दोन मिनिटं बघा. जी उताणी होऊन पाठीवर सरपटत चालते, ती फुलांवरच्या भुंगेऱ्याची. ती पाला कुजवून खतच करते, तिला परत खड्ड्यात सोडा. गच्चीवरच्या कुंड्यांत बहुधा हीच निघते आणि लोक उगाच विष ओततात. जी पायांवर चालायला बघते आणि कुंडीत रोपाची मुळं कुरतडलेली असतात, ती हुमणी. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना तिची ओळख करून द्यायला नको. पहिल्या पावसानंतर तिचे तपकिरी भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. हे एकट्याने करून भागत नाही, सगळ्या वस्तीने एकाच आठवड्यात करावं लागतं. आणि जी सगळ्यांत मोठी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळून कुशीवर पडून राहते, डोकं तपकिरी, ती गेंड्याची.

गेंड्या भुंगा एकटा मोठं झाड सहसा मारत नाही. त्याने केलेल्या जखमेच्या वासावर दुसरा येतो, तो मारतो. तांबूस, लांब सोंडेचा, सोंड्या भुंगा म्हणा. याची अळी खतात नाही, थेट खोडात वाढते. बाहेरून झाड हिरवंगार, आत भुसा. खोडावर बारीक भोक, त्यातून तपकिरी चिकट रस, खोडाला कान लावला तर कधी कधी आतून कुरतडण्याचा आवाज. मधली पानं पिवळी पडून शेंडा कलला की उशीर झालेला असतो. म्हणून माडाला जखम करू नका. पाळण्याचे खिळे, दिव्यांच्या माळा, नावाच्या पाट्या काही ठोकू नका. हिरवी झावळी कापायचीच असेल तर खोडापासून तीन-चार फूट देठ ठेवून कापा. कामगंध सापळा एकाच अंगणात लावू नका, शेजारच्या गल्लीतले भुंगेही तुमच्याकडे येतात. लावायचा तर सगळ्यांनी मिळून, आणि माडापासून दूर.

ही दोन्ही मंडळी आपल्याकडून जगभर गेली, हे जाता जाता सांगतो. गेंड्या भुंगा १९०९ मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर समोआला पोचला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या वर्दळीत तो पॅसिफिकमध्ये आणखी पसरला, आणि २०१३ मध्ये हवाईत पहिल्यांदा सापडला तो पर्ल हार्बरच्या लष्करी तळावर. तिथे पहारा काय कमी असेल? सोंड्या १९८० च्या दशकात आखातातल्या खजुरांवर पोचला. समोआत शेवटी उपयोगी पडला तो एक विषाणू, १९६० च्या दशकात मलेशियात सापडलेला. आपल्याकडे तो लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरही सोडला गेला.

बंगळूरच्याच एका भुंगेऱ्याची बाजू मांडतो. रस्त्याकडेच्या गाजरगवतावर मळकट पांढरा-पिवळा, पाठीवर तपकिरी पट्टे असलेला छोटा भुंगेरा दिसतो ना, तो मेक्सिकन भुंगेरा. हे गवत खाण्यासाठीच तो १९८३ मध्ये मेक्सिकोहून इथे आणला आणि १९८४ मध्ये सोडला. पुढे कोलारकडे तो सूर्यफुलावर दिसला आणि गदारोळ झाला. तपासात दिसलं, की गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि तो त्यामुळे तिकडे वळला होता. हिवाळ्यात तो मातीत झोपतो, पावसात वर येतो. त्याला दिसेल तिथे चिरडणारे लोक मी रोज फिरायला जाताना बघतो. ज्या गवताने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो, तेच तो खातोय.

घरातलं थोडक्यात. पलंगाखाली पिठी पडली तर चिमटीत घ्या. मैद्यासारखी मऊ असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील, तर भुंगा. खसखशीसारखे दाणे लागले तर सुक्या लाकडातली वाळवी, तिचा उपाय वेगळा. हा भुंगा अंडी घालतो ती कच्च्या, उघड्या लाकडाच्या छिद्रांत, आणि पांढरं लाकूड त्याला आवडतं. म्हणून पलंगाची, कपाटाची मागची आणि खालची बाजूही सुतारासमोर उभं राहून पॉलिश करून घ्या. बांबूचं सामान घेताना बांबू पाण्यात मुरवलेला किंवा बोरॅक्सच्या पाण्यात ठेवलेला आहे का, विचारा. तुरीच्या डाळीला एरंडेल लावायची आजीची रीत अजून चालते. तेलाच्या पापुद्र्याने दाण्यावरची अंडी गुदमरतात.

प्रश्न पाठवताना अळीचा फोटो पाठवा, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. ती पाठीवर चालते का, तेही लिहा.