कोणतं मिग, कोणत्या तारखेचं?



लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचं संमेलन आणि तेही हिंगोलीत, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. असू द्या. हे हैदराबाद कंटिन्जंटच्या जुन्या छावणीचं गाव आहे आणि जवळच औंढ्याला, प्रोटॉनहून कितीतरी सूक्ष्म फरक मोजणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. तिच्यापुढे आपली अचूकता ती काय! तरीही आज बोलायचंय ते आपल्याच अचूकतेवर, म्हणजे रंगावर.

सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं मिग-२१ घेऊ. हे विमान आपल्या ओझरला घडलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिकचा कारखाना १९६४ साली त्याच्यासाठीच उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलानं त्याला निरोप दिला. ‘मिगचा बरोबर रंग कोणता?’ असं मला तरुण मुलं विचारतात. मी उलट विचारतो, कोणतं मिग, कोणत्या महिन्यातलं?

मिग-२१ एफएल आलं ते उघड्या धातूचं, चकचकीत. १९७१च्या युद्धात कित्येक विमानांवर तळावरच घाईघाईनं रंग चढवले गेले. नक्षी तळागणिक वेगळी, कुठे फटकारे सरळ दिसतात. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं डागणारं मिग करायला बसलात, तर किटच्या खोक्यावरचं चित्र तुम्हाला काय सांगणार? त्या विमानाचा, त्या काळातला फोटो हवा. तो नसेल तर प्रतिकृतीखालच्या पाटीवर तारीख घालू नका. आमच्या वसमतचा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. आपण खोक्यावर भुलतो.

आता मापाचं. ७.१५ मीटरचे पंख बहात्तराव्या हिश्शात दहा सेंटिमीटरांच्या आत येतात. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरांचा लेप झाला. पॅनेलच्या खाचेत अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ ओढलीत, तर मूळ विमानाला साडेतीन सेंटिमीटरांची भेग पडली! तिच्यात मेकॅनिकची बोटं अडकतील. अशी काळ्या जाळीत गुंडाळलेली मिगं बक्षिसं घेऊन जातात, हे मला पटत नाही. वॉश पातळ करा, आणि काळ्याऐवजी मूळ रंगाचीच गडद छटा घ्या. वर्तुळखुणेत केशरी आत, हिरवा बाहेर; पण डेकलवरचा केशरी पुष्कळदा संत्र्याकडे झुकतो, तो तपासा. नाकावरचा शंकू आणि चाकांच्या तबकड्या हिरव्या. कॉकपिट मात्र निळसर हिरवं, रशियन पद्धतीचं.

हवामानाचंही पाहा. आपल्या एप्रिलात ॲक्रिलिक रंग एअरब्रशमधून निघून पृष्ठभागावर पोचेपर्यंत वाळतो आणि भुकटी बसते; पहाटे मारा, रिटार्डर घाला. श्रावणात लॅकरवर पांढरी झाक येते, तेव्हा सरळ थांबा.

एक सूचना मांडतो. एकाहत्तरच्या आसपास ओझरच्या रंगविभागात उमेदवारीला लागलेली पोरं आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. प्रायमर कोणता होता, छटा कशी जुळवत, कुठे हात चालवावा लागे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं, आणि त्यांच्या घरच्या फोटोंमागे तारखाही. नाशिकला यायला जे तयार असतील, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्यावं.