फाइल उघडणे आणि मजकूर पोहोचणे

मुद्रण, प्रकाशन आणि अक्षरजुळणी या व्यवसायांतली मंडळी आज इथे एकत्र आली आहेत, म्हणून मी एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. एका प्रोग्रॅममधली फाइल दुसऱ्यात जशीच्या तशी उघडावी, यासाठी मुक्त मानक जाहीर झाले की पुरते, असा समज आपल्याकडे रुजला आहे. मला तो अपुरा वाटतो. एकमेकांशी संबंध नसलेले दोन प्रोग्रॅम तीच फाइल सारखी वाचतात तेव्हाच सुसंगती आली म्हणायचे, आणि तसे घडते की नाही हे फाइल वापरणाऱ्यांनाच तपासावे लागते.

ओपनडॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, 2005 मध्ये ओएसिस या संस्थेने मंजूर केला आणि 2006 मध्ये तो आयएसओचे मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल, ज्यातून आपली रोजची डॉक्स फाइल येते, 2008 मध्ये त्याच मान्यतेला पोहोचला. त्याचा मसुदा सुमारे सहा हजार पानांचा होता. भारतीय मानक ब्यूरोने 2007 मध्ये त्याच्या विरोधात मत दिले आणि 2008 मध्येही ते बदलले नाही. पुढे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केले, ते फेटाळले गेले. हा विरोध अनाठायी नव्हता. ‘वर्ड 95 प्रमाणे अंतर सोडा’ अशा अर्थाच्या सूचना मूळ मसुद्यात होत्या, पण वर्ड 95 ते अंतर कसे सोडतो हे तिथे लिहिलेले नव्हते. ते ज्याने वर्ड लिहिला त्यालाच ठाऊक. अखेर मानकाची दोन रूपे झाली, ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘ट्रान्झिशनल’. वर्ड आजही आपणहून जतन करतो ते दुसरे, म्हणजे जुन्या सवयींचे ओझे वाहणारे रूप.

मात्र दोष एकाच बाजूला टाकणे न्याय्य होणार नाही. ओडीएफच्या पहिल्या आवृत्त्यांत तक्त्यांमधली सूत्रे कशी लिहावीत याचे नियमच नव्हते. 2009 मध्ये एक्सेल ओडीएफ फाइली उघडू लागला, तेव्हा इतर प्रोग्रॅममध्ये केलेल्या तक्त्यांतली सूत्रे गळून पडली आणि नुसते आकडे उरले. बेरीज दिसत होती, पण एखादी रक्कम बदलली तर ती बदलत नव्हती. तरीही मानक पाळल्याचा दावा करता येत होता, कारण या मुद्द्यावर मानकच गप्प होते. 2011 च्या 1.2 आवृत्तीत ही उणीव भरून निघाली. मुक्त मानकालाही तपासणी लागते, याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी खोल जातो. डॉक्स असो वा ओडीटी, म्हणजे ओडीएफमधली मजकुराची फाइल, दोन्हींत देवनागरीचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा रोमन अक्षरांच्या खान्यात नसून वेगळ्या खान्यात नोंदवला जातो. फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने तो खाना दुर्लक्षिला की मथळे साधे होतात, ओळी सरकतात, पानांचे क्रमांक चुकतात आणि सूची निरुपयोगी ठरते. जुन्या डीटीपी फॉन्टची गत तर याहून बिकट. तिथे ‘क’ म्हणून दिसणाऱ्या आकाराखाली भलताच संकेत साठवलेला असतो. वेष्टन कितीही मुक्त असले तरी तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आतला मजकूर वाचता येत नाही. म्हणून आपल्यासाठी युनिकोड आधी आणि फॉरमॅटचा वाद नंतर.

‘सगळेच वर्ड वापरतात, मग अडते कुठे?’ असा आक्षेप येतो. आजच्या व्यवहारापुरता तो खरा आहे, पण पुस्तकाचे आयुष्य प्रोग्रॅमच्या आयुष्याहून मोठे असते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0 होती आणि इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या त्या फाइली उघडत नाहीत. मराठीची कितीतरी पुस्तके त्याच पेजमेकरवर जुळवली गेली. दुसरा आक्षेप पीडीएफचा. पीडीएफ पानाचे रूप उत्तम सांभाळते. पण पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी तिच्यातून मजकूर सुखरूप काढणे कष्टाचे असते, आणि जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर कॉपी करताच निरर्थक अक्षरे हाती येतात. ती छापायला ठेवावी, मूळ प्रत म्हणून नव्हे.

केंद्र सरकारचे ई-शासनासाठीचे मुक्त मानक धोरण नोव्हेंबर 2010 पासून अस्तित्वात आहे. आपल्या व्यवसायाने मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहू नये. प्रकाशकांनी लेखकाकडून मजकूर युनिकोडमध्येच घ्यावा आणि अंतिम संहिता ओडीटी व पीडीएफ अशा दोन्ही रूपांत जपावी. अक्षरजुळणीकारांनी ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे जोडाक्षरांचे शब्द, तळटीपा, तक्ते आणि ठळक मथळे असलेली एक चाचणी-फाइल बनवावी. वर्ड आणि लिबरऑफिस या दोन्हींच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत ती उघडून पाहावी, आणि जे बिघडेल ते लेखी स्वरूपात त्या त्या निर्मात्यांना कळवावे. या संमेलनातून परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हे काम हाती घ्या, एवढी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.