काळवंडलेल्या रुपयाचे मोल

गोंडपिपरीच्या बाजारात म्हाताऱ्या गोंड बायांच्या गळ्यात राणीछाप रुपयांच्या माळा मी पुष्कळ पाहिल्या. मोडायची वेळ आली की सोनार त्या तराजूत टाकतो. १९४० पूर्वीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी, पुढे निम्मीच. हिशेब तेवढाच. कडी लावलेले नाणे संग्राहकही सहसा घेत नाही.

पेटीच्या तळाशी कापडात राहिलेल्या रुपयाची गोष्ट मात्र निराळी. हवेतले गंधक चांदीला लागते, तलम थर चढतो. थर वाढेल तशी आधी सोनेरी, मग जांभळी, निळी झाक. अगदी मोराची मान! शेवटी काळा. अमेरिकेत टांकसाळीच्या पिशव्यांत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मॉर्गन डॉलरला अशा रंगापायी चांदीच्या कितीतरी पट किंमत येते.

ती द्यावी का? रंग मलाही मोहवतो, कवीच ना मी! पण उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात कोंडूनही हे रंग आणता येतात. म्हणून भडक रंगाला मी दुप्पट पैसे देणार नाही.

उलट चिंच-राखेने घासलेला रुपया संग्राहकाच्या लेखी उतरतो. तेव्हा मावशी, विकायचा असेल तर घासू नका, दोन-तीन ठिकाणी दाखवा. गळ्यात घालायचा असेल तर खुशाल लखलखीत करा.