रक्ताचा हिशेब



अध्यक्षाने संस्थेचा इतिहास सांगावा आणि आभार मानून खाली बसावं, असा प्रघात आहे. आभार मनापासून मानतो. इतिहास स्मरणिकेत छापलेला आहेच. मला बोलायचंय ते आपल्या रोजच्या एका सवयीबद्दल.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिलिलिटर. हृदयाच्या ऑपरेशननंतर हार्ट-लंग पंपावरून सुटून बाळ आयसीयूत आलं, की आपण त्याच्या आर्टेरियल लाईनमधून नमुने काढू लागतो. दर वेळी लाईनमधलं पहिलं पातळ रक्त बाजूला काढायचं, आणि पुष्कळ ठिकाणी ते सरळ फेकलं जातं. मग एबीजी, लॅक्टेट. सकाळी क्रिएटिनिन, सीआरपी, ट्रोपोनिन. रेसिडेंट उत्साही असला तर एनटी-प्रोबीएनपीसुद्धा. असं दिवसाला वीस मिलिलिटर गेलं तर आठ टक्के रक्त नुसत्या चौकशीत संपलं. मोठ्या माणसाकडून रोज रक्तदान करून घ्यावं, तसंच हे. आणि पुन्हा हिमोग्लोबिन उतरलं म्हणून रक्त चढवायला आपणच धावतो.

मी चाचण्यांच्या विरोधात नाही. मूत्रपिंडाला धक्का बसला तरी क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस घेतं. शिवाय पंपाच्या प्राइमने रक्त पातळ झालेलं असतं, आणि अगदी नवजात बाळात तर तो आकडा बराचसा आईचाच असतो. म्हणून 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसाद देवराजन यांच्या गटाने 71 मुलांचा अभ्यास छापला, तेव्हा आपण सगळे सरसावून बसलो. ज्या 20 मुलांच्या मूत्रपिंडाला पुढे इजा झाल्याचं दिसलं, त्यांच्यात एनगॅल हे प्रथिन पंपानंतर दोन तासांतच वाढलं होतं. पुढे अनेक केंद्रांच्या मोठ्या अभ्यासात ती चमक उतरली. लघवीतलं एनगॅल बऱ्यापैकी टिकलं, रक्तातल्याने मात्र निराशा केली. मला यात एक आनंदाची गोष्ट दिसते: लघवीसाठी बाळाला टोचावं लागत नाही.

लॅक्टेटचा पहिला आकडा चढाच असतो. काळजी करायची ती तो उतरत नसेल तेव्हा, आणि तेव्हाही ॲड्रेनलिन किती चाललंय ते आधी पाहावं. सीआरपी तर पंपानेच चेतवलेल्या दाहामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर जातो. तो बघून अँटिबायोटिक बदलणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी राउंडला एक प्रश्न स्वतःला विचारावा: आकडा काहीही आला तरी आज रात्री मी काही वेगळं करणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर नळी भरू नये. पाय गार आहेत का, लघवी ताशी किती झाली, हे सिस्टर आपल्या आधी सांगतात, त्यांचं ऐकावं.

आणि ‘बरं होणं’ म्हणजे काय, तेही ठरवायला हवं. आपल्या शोधनिबंधांत ते व्हेंटिलेटरचे तास असतात. आई विचारते, दूध कधी ओढेल. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासणीमुळे खेड्यापाड्यांतली मुलं आपल्यापर्यंत पोचतात, पण ऑपरेशननंतर गावी गेल्यावर त्यांचं वजन कसं वाढलं याची नोंद फार थोड्यांकडे असते. त्यासाठी महागडा मार्कर लागत नाही, वजनकाटा लागतो.

म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मी दोन सूचना ठेवतो. आयसीयूच्या चार्टवर इनटेक-आउटपुटशेजारी ‘काढलेलं रक्त, मिलिलिटर’ असा रकाना असावा, आणि लाईनमधलं पहिलं रक्त फेकून न देता बंद सर्किटमधून बाळालाच परत द्यावं. खर्चाचा अंदाज कोषाध्यक्षांनी मांडावा. विरोध असेल त्यांनी आजच जेवताना मला गाठावं.